पात्रांची दंगल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या वाचनालयाच्या गच्चीवर दंगल भरते. कुस्त्या गोष्टींतल्या पात्रांच्या. गाव परभणी जिल्ह्यातलं, तालुक्याचं. सुट्टी जवळ आली की फोन सुरू होतात, आणि बहुतेकांचे प्रश्न तेच असतात. म्हणून सगळ्यांची उत्तरं इथं एकदाच लिहून ठेवतोय.

दंगल म्हणजे नेमकं काय?

कादंबऱ्या, लोककथा, चित्रकथा, कुठूनही आलेली बत्तीस पात्रं घ्यायची, त्यांच्या जोडी लावायच्या आणि एकजण उरेपर्यंत बाद पद्धतीनं लढवायची. पहिल्या फेरीत सोळा कुस्त्या, मग आठ, मग चार, मग दोन आणि शेवटची एक. एकूण ३१. आकडा पाठ करायची गरज नाही. एका कुस्तीत एकजण बाहेर जातो, आणि बाहेर घालवायचे असतात एकतीस.

जोड्यांच्या या तक्त्याला काहीजण 'ब्रॅकेट' म्हणतात. अमेरिकेत कॉलेजांची बास्केटबॉल स्पर्धा १९३९ पासून चालते, तिच्यामुळं हा शब्द तिकडं घरोघरी गेला. आपल्याकडं खो-खो किंवा कबड्डी खेळलेल्या माणसाला 'भाग्यपत्रिका' म्हटलं की लगेच कळतं. आम्ही तोच शब्द वापरतो.

पात्रं लढतात म्हणजे काय करतात?

प्रत्येक पात्राचा एक वस्ताद असतो. वस्तादानं तीन मिनिटं उभं राहून आपला गडी का जिंकेल ते सांगायचं. मग समोरचा वस्ताद. मग एकेक मिनिट उलटउत्तर. मग हात वर करून मतदान.

एकच अट आहे आणि ती आम्ही कधीच सोडत नाही: पुरावा पानावरचा हवा. 'माझा गडी लई भारी आहे' याला गुण नाहीत. तो कुठल्या गोष्टीत, कुणासमोर, कसा वागला ते सांगा. लोककथा असेल तर घरात ती जशी ऐकली तशी सांगा, ते पान धरलं जातं.

दुसरी गंमत मैदानाची. डब्यात चिठ्ठ्या असतात, आणि सगळी ठिकाणं मराठवाड्यातली. देवगिरी किल्ल्यातली अंधारी, नळदुर्गचा पाणी महाल, माळेगावच्या यात्रेतला जनावरांचा बाजार, बीडची खजाना विहीर, वेरूळची लेणी, पैठणचा गोदाकाठ. कुस्ती सुरू होण्याआधी चिठ्ठी निघते आणि वस्तादाला जागेवर विचार बदलावा लागतो. भिंगानं राखेचे कण तपासणारा शेरलॉक होम्स अंधारीत काय करेल? ज्यांनी अंधारी पाहिली आहे, त्या वळणावळणाच्या बोळात हात भिंतीला लावत चालले आहेत, ते या कुस्तीत वेगळं बोलतात. पोरांना म्हणूनच आम्ही सांगतो, पुस्तक वाचा आणि जमलं तर ठिकाणही पाहून या.

कोणती पात्रं चालतात?

कल्पनेतली. देव नाहीत, संत नाहीत, इतिहासातली माणसं नाहीत. रामायण-महाभारतातली पात्रं आम्ही घेत नाही, कारण कुणाच्या तरी देवघरातल्या मूर्तीला मत द्यायची वेळ येते आणि ते कुणालाच बरं वाटत नाही.

काठावरची नावं दरवर्षी येतात. बिरबल घ्या. अकबराच्या दरबारातला बिरबल खराखुरा, १५८६ साली वायव्य सरहद्दीवरच्या लढाईत मारला गेला. पण उंच टांगलेल्या हंडीत खिचडी शिजवणारा बिरबल गोष्टीतला. आम्ही गोष्टीतला घेतो आणि वस्तादाला बजावतो, दरबाराचा इतिहास मध्ये आणायचा नाही.

साने गुरुजींचा श्याम आम्ही घेत नाही. श्याम म्हणजे स्वतः गुरुजी, आणि त्याच्यामागं त्याची आई उभी. एकदा नाव आलं तेव्हा गच्ची गप्प झाली होती. समोरचा वस्ताद, मोठा माणूस, म्हणाला, 'मी नाही बोलणार तिच्या विरोधात.' त्या दिवसापासून श्याम पत्रिकेबाहेर आहे, मानानं. अण्णा भाऊ साठे यांच्या फकिराचंही तसंच. त्या नावाचा माणूस खरोखर होऊन गेला आणि त्याचं नाव घेताना आजही लोकांचा आवाज बदलतो. त्याच्यावर बोलायचं तर स्वतंत्र संध्याकाळ ठेवावी, आणि आम्ही ठेवतो.

बत्तीसजण निवडतं कोण?

आठ जिल्हे, प्रत्येकी चार नावं. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव, बीड. आमच्या वाचकांचे पाहुणे-सोयरे सगळीकडं आहेत, फोनवर नावं येतात. पात्र त्या जिल्ह्यातलंच हवं असं नाही. संभाजीनगरहून एकदा उमरो अय्यार आला, उर्दू दास्तानांतला. त्याच्या जंबीलमध्ये, म्हणजे झोळीत, अख्खं जग मावतं. आमच्या गावात त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. ज्या आजोबांनी ते सुचवलं ते स्वतः एसटीनं आले, दखनीत बोलले आणि त्या वर्षी उमरो उपांत्य फेरीपर्यंत गेला.

जोडी कशा लागतात?

आदल्या वर्षीचे पहिले चार मानांकित. पहिला वरच्या गटात, दुसरा खालच्या, म्हणजे दोघं भिडले तर शेवटच्याच कुस्तीत. पत्रिकेचे चार भाग धरले तर तिसरा-चौथा उरलेल्या दोन भागांत. बाकी अठ्ठावीस चिठ्ठ्या हजर असलेल्यांतलं सर्वांत लहान पोर काढतं. सगळ्यांनाच मानांकन द्यायचं असेल तर एक खूण लक्षात ठेवा: पहिल्या फेरीतल्या प्रत्येक जोडीची बेरीज ३३ आली पाहिजे. पहिला बत्तिसाव्याशी, दुसरा एकतिसाव्याशी, असं. आम्ही ते करून पाहिलं आणि सोडून दिलं, कारण पात्राला बत्तिसावा नंबर द्यायचा कशावरून, यावरच दोन तास गेले.

बत्तीस नावं जमलीच नाहीत तर?

पुढे चाल द्यायची, म्हणजे काहींना न लढता दुसऱ्या फेरीत पाठवायचं. संख्या २, ४, ८, १६, ३२ अशी दुपटीतली नसेल तर तिच्यापुढची दुपटीतली संख्या घ्या, त्यातून आपली वजा करा. एका वर्षी २७ नावं आली. ३२ वजा २७ म्हणजे पाचजणांना पहिल्या फेरीत पुढे चाल. वरच्या गटात १४ आणि खालच्या गटात १३ नावं. शाळेच्या क्रीडाशिक्षकांची जुनी रीत अशी की पहिली चाल खालच्या गटातल्या शेवटच्याला, दुसरी वरच्या गटातल्या पहिल्याला, तिसरी खालच्या गटातल्या पहिल्याला, चौथी वरच्या गटातल्या शेवटच्याला, आणि पाचवी पुन्हा खालच्या गटात. वर सहा कुस्त्या, खाली पाच, आणि दुसऱ्या फेरीत बरोबर सोळाजण. कागदावर एकदा मांडून पाहा, हात बसतो.

सगळी पोरं सुपरमॅनच घेऊन येतात. मग मजा काय राहिली?

येऊ द्या. पहिल्या वर्षी आम्हीही धास्तावलो होतो. १९३८ साली चित्रकथेत आलेला हा गडी उडतो, गोळीनं मरत नाही, भिंतीपलीकडचं पाहतो. त्याच्यापुढं आपली गोष्टीतली मंडळी किती टिकणार? कुणी म्हणालं, वजनगट करा. ते करायच्या आधीच त्याची पहिली जोड लागली भोपळ्यातल्या म्हातारीशी, आणि चिठ्ठी निघाली माळेगावच्या बाजाराची.

सुपरमॅनचा वस्ताद नववीतला, तयारीचा. म्हणाला, 'म्हातारी भोपळ्यात बसून वाघाला फसवते. माझ्या गड्याला आरपार दिसतं. फक्त शिशातून दिसत नाही, अन् भोपळा शिशाचा नसतो.' टाळ्या पडल्या. मग म्हातारीची वस्ताद उठली, सातवीतली मुलगी. तिनं आधी बाजार उभा केला. घोडे, गाढवं, उंट, धूळ, आणि त्यातून टुणूक टुणूक चाललेला एक भोपळा. मग म्हणाली, 'दिसलं तर दिसू द्या की. दिसल्यावर ह्यानं करायचं काय? भोपळा फोडंल? आत म्हातारी हाय. निरपराध माणसावर हात उचलत न्हाई हा, त्याच्याच गोष्टीत. मग सर, म्हातारी कामून हारंल?'

पंचांनी विचारलं, पण म्हातारी तर लढलीच नाही. ती म्हणाली, 'वाघाच्या तोंडातून घरी पोचायचं, हीच तिची कुस्ती. ती पोचली.'

सात मतांनी म्हातारी जिंकली. हलगीवाल्या काकांनी त्या दिवशी हलगी थांबवलीच नाही. त्यानंतर वजनगटाचं नाव कुणी काढलेलं नाही. ताकदीचं पात्र आणायला आमची ना नाही, फक्त त्याला अडवणारी गोष्ट कोणती, हे त्याच्या वस्तादाला आधी ठाऊक असावं.

बोलीत बोललं तर गुण कापतात का?

नाही. कापणार नाही. हा नियम माझ्या हट्टानं आला आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. मी चौथीत असताना गोष्ट सांगायच्या स्पर्धेत उभा राहिलो. लाकूडतोड्याची गोष्ट. 'कामून रडायलास बाबा' असं देवतेच्या तोंडी घातलं, कारण माझी आजी तसंच घालायची. परीक्षकांनी तिथंच थांबवलं आणि शुद्ध बोलता येत असेल तरच पुढं बोल म्हणून सांगितलं. मला पुढचं काहीच आठवलं नाही. खाली येऊन बसलो. पुढं बरीच वर्षं मी चारचौघांत तोंड उघडलं नाही.

आमच्या गच्चीवर परभणीची बोली चालते, दखनी चालते, तांड्यावरची गोरमाटी चालते. ऐकणाऱ्यांपैकी कुणाला कळलं नाही तर शेजारच्यानं सांगायचं.

वेताळाला 'आपला गडी' का म्हणता?

कारण तो ज्याच्या पाठीवर बसला, तो राजा पैठणचा.

विक्रम-वेताळ म्हटलं की लोकांना उज्जैन आठवतं. पण काश्मीरच्या सोमदेवानं अकराव्या शतकात लिहिलेल्या कथासरित्सागरात वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत आणि तिथं सुरुवातच अशी आहे की गोदावरीच्या तीरावर प्रतिष्ठान नावाचं नगर, तिथं त्रिविक्रमसेन नावाचा राजा. प्रतिष्ठान म्हणजे पैठण. शिंशपाच्या झाडावरून प्रेत खांद्यावर घेऊन मसणवटीतून चालणारा तो राजा आपल्या नदीकाठचा आहे.

आणि सोमदेवानं ज्या ग्रंथावरून आपला ग्रंथ रचला, त्या बृहत्कथेचा कर्ता गुणाढ्य. परंपरा सांगते की तो सातवाहन राजाच्या पदरी होता, तोही प्रतिष्ठानलाच. दरबारात पैज हरल्यावर त्यानं संस्कृत, प्राकृत आणि देशी तिन्ही भाषा सोडल्या, रानात गेला, पैशाची भाषा शिकला आणि शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्तानं सात लाख श्लोक लिहिले. राजानं ते नाकारले. कारण काय, तर भाषा पिशाचांची. मग गुणाढ्यानं रानात अग्निकुंड पेटवलं. एकेक पान मोठ्यानं वाचायचं आणि आगीत टाकायचं. हरणं, रानडुकरं, पाखरं चरायचं सोडून भोवती उभी राहून ऐकायची, डोळ्यांतून पाणी काढायची. इकडं राजाच्या ताटात सुकलेल्या जनावरांचं मांस यायला लागलं. तो आजारी पडला, चौकशी झाली, धावत रानात आला. तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. उरला तो एक लाख.

ही गोष्ट मी दर वर्षी पहिल्या संध्याकाळी सांगतो. बोलीपायी मी गप्प बसलो ते एकट्यापुरतं होतं. इथं भाषेपायी सहा लाख श्लोक गेले. म्हणून वेताळ आमच्या पत्रिकेत कायम. त्याला मानांकन मिळो न मिळो, एक जागा त्याची.

बाद पद्धत अन्यायकारक नाही का? चांगलं पात्र पहिल्याच फेरीत जातं.

जातं. फास्टर फेणे एका वर्षी पहिल्याच फेरीत गेला. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा पोरगा कितीजणांचा जीव की प्राण! पण जोड लागली अरेबियन नाइट्समधल्या, रोज रात्री राजाला गोष्ट सांगणाऱ्या शहरजादशी, आणि त्या वर्षी तिच्यापुढं कुणीच टिकलं नाही. 'ट्टॉक' म्हणायलाही त्याला सवड मिळाली नाही.

यावर सर्वांत नेमकं लिहिलं ते लुईस कॅरलनं. हो, अ‍ॅलिसला सशाच्या बिळात पाठवणारा तोच. ऑक्सफर्डला गणित शिकवायचा. १८८३ साली त्यानं टेनिसच्या बाद पद्धतीवर टीका केली. ३२ खेळाडू असतील आणि सरस खेळाडू नेहमी जिंकतो असं धरलं, तरी दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला दुसरं बक्षीस मिळण्याची शक्यता फक्त १६/३१. म्हणजे निम्म्याहून जेमतेम जास्त. कारण उघड आहे. तो पहिल्याच्याच गटात पडला तर शेवटच्या कुस्तीपर्यंत पोचणारच नाही. त्याच्यासाठी उरलेल्या ३१ जागांपैकी १६ पलीकडच्या गटात आहेत, तेवढाच हिशोब.

म्हणून आम्ही उपविजेत्याला बक्षीस देत नाही. विजेत्याच्या हातून जे पाचजण हरले, त्या पाचही वस्तादांना एकेक नारळ देतो. दुसरा नंबर त्यांच्यातलाच कुणाचा तरी असतो, एवढं नक्की.

आणखी एक गुंता आहे, त्याला उपाय नाही. आमच्याकडं होम्सनं वेताळाला हरवलं, वेताळानं उमरोला, आणि उमरोनं होम्सला. मतं तीच, माणसं तीच. तिघांत श्रेष्ठ कोण? पत्रिकेत कोण आधी कुणासमोर येतो यावर ते ठरतं. 'भाग्यपत्रिका' या शब्दातलं भाग्य ते हेच.

मतं सारखी पडली तर?

मातीतली कुस्ती बरोबरीत सुटते, इथं सोडता येत नाही. दोन्ही वस्तादांनी जागा बदलायची आणि एकेक मिनिट समोरच्या पात्राच्या बाजूनं बोलायचं. मग पुन्हा मतदान. ज्याला समोरच्याची गोष्ट मनापासून सांगता आली, त्याच्याकडं लोक वळतात. हा नियम पाचवीतल्या एका मुलानं सुचवला होता.

अंदाजाचा कागद भरायचा म्हणजे काय?

पत्रिका लागली की ३१ही कुस्त्यांचे निकाल आधीच लिहून पेटीत टाकायचे. पहिल्या फेरीतल्या बरोबर उत्तराला १ गुण, मग २, ४, ८ आणि शेवटच्याला १६. प्रत्येक फेरीचे मिळून १६च होतात, पाच फेऱ्यांचे ८०. कागद भरायचे प्रकार २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४८, त्यामुळं सगळं बरोबर आलं नाही म्हणून कुणी नाराज होऊ नये. पैसे लावायचे नाहीत. कुणी लावताना दिसलं तर त्याचा कागद फाडला जातो आणि त्या वर्षी त्याला मत नाही.

फी? वय? जेवण?

फी नाही. वय नाही. संध्याकाळी साडेसातला सुरू, कारण त्याआधी गच्ची तापलेली असते. दहाला बंद. खायला सुशीला, म्हणजे चुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता, आणि ताक असतं. पाण्याची बाटली घरून आणा, मे महिन्यात आमच्या गावाला टँकर लागतो.

मुली-बायकांची पात्रं कमी का असतात?

नावं पाठवणारे पाठवत नाहीत म्हणून. चिंगी, अ‍ॅलिस, म्हातारी, शहरजाद, आणि मग यादी अडखळते. आता प्रत्येक जिल्ह्याच्या चार नावांत किमान एक बाईचं हवं असा नियम केला आहे. पहिल्या वर्षी कुरकुर झाली. त्याच वर्षीची शेवटची कुस्ती ऐका.

शहरजाद विरुद्ध वेताळ. मैदान पैठणचा गोदाकाठ, म्हणजे वेताळाचं घरचं. दोघंही गोष्टीच सांगणारे. वेताळ गोष्ट पुरी करून प्रश्न टाकतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर डोकं फुटेल, आणि बोलला तर वेताळ परत झाडावर. शहरजाद गोष्ट अर्धी ठेवते आणि पहाट होते. वेताळाचा वस्ताद बारावीतला मुलगा, बोलायला पट्टीचा. त्यानं मांडलं की ती बोलल्याशिवाय राहू शकत नाही, आणि वेताळापुढं जो बोलला तो हरला. गच्ची त्याच्याकडं झुकली.

शहरजादची वस्ताद बी.एड. करणारी मुलगी. तिनं वाद घातलाच नाही. म्हणाली, 'गोदेच्या काठी एक कोळी होता. त्याच्या जाळ्यात एक बंद घागर आली. घागरीच्या आतून कुणीतरी त्याचंच नाव घेऊन हाक मारत होतं. त्यानं झाकणाला हात घातला...' आणि ती खाली बसली.

कुणी हललं नाही. दूर रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. आणि वेताळाचा वस्ताद म्हणाला, 'मग?'

मतदान घ्यावं लागलं नाही.

आमच्या गावात सुरू करायची तर काय लागतं?

फळा, खडू, एक डबा, आणि वाद मिटवू शकणारा एक पंच. पहिल्या वर्षी आठच पात्रं घ्या, सात कुस्त्या, दोन संध्याकाळी. हरलेल्या पात्राचं पुस्तक दुसऱ्या दिवशी टेबलावर समोर ठेवा. आमच्याकडं जिंकलेल्यापेक्षा तेच आधी उचललं जातं.

यंदाची नावं कधीपर्यंत पाठवायची?

अक्षय्य तृतीयेपर्यंत. पात्राचं नाव, गोष्ट कुठली, आणि वस्ताद कोण, एवढं पुरे. आमचे हलगीवाले काका यंदा लेकीकडं पुण्याला जाणार आहेत, तेव्हा तुमच्याकडं हलगी वाजवणारं कुणी असेल तर तेही कळवा.